एकशेसाठवरून साठ

ट्रॅक डेला पहिल्यांदा निघालेला माणूस आधी इंजिनाचं विचारतो. रीमॅप करू का, एअर फिल्टर कुठला टाकू, एक्झॉस्ट बदलू का. ब्रेकचा विषय तिसऱ्या-चौथ्या लॅपनंतर निघतो, आणि मग दिवसभर दुसरा कुठला निघत नाही.

*

उदाहरणाला पोलो जीटी टीएसआय घेऊ. २०१३ साली आली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. पुण्याजवळ चाकणला बनलेली, म्हणजे तशी आमच्या गावचीच. चालक आणि पेट्रोल धरून वजन १२०० किलो. सरळ रस्त्याच्या शेवटी ताशी १६० वरून ६० वर यायचंय. टायर चांगले आणि रस्ता कोरडा असेल तर सुमारे तीन सेकंद लागतात, ८५-९० मीटर लागतात. तेवढ्यात दहा लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. माठातलं साडेतीन लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी.

याच आकड्याला सेकंदांनी भागलं की ब्रेकची ताकद निघते: पावणेपाचशे अश्वशक्तीच्या आसपास. इंजिनाची १०५. गाडीतलं सगळ्यात दणकट यंत्र बॉनेटखाली नसतं, आणि त्याला रेडिएटरही नसतो.

आता ही उष्णता जाते कुठे? पुढची चाकं तीन-चतुर्थांश काम करतात. पुढच्या दोन डिस्क मिळून बारा किलो बीड धरलं, तर एका ब्रेकिंगला तापमान सव्वाशे-दीडशे अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत त्यातलं थोडंच उतरतं. मग परत चढतं. तिसऱ्या लॅपला डिस्क पाचशेच्या घरात पोचली तर नवल करायचं कारण नाही.

*

ताकद वेगळी, दम वेगळा. एवढं एक कळलं की निम्मे पैसे वाचतात.

कंपनीने दिलेले ब्रेक पहिल्या लॅपला चाकं जाम करू शकतात का? जोरात दाबल्यावर एबीएस पायाखाली थरथरतो का? थरथरत असेल तर ताकद पुरेशी आहे. गाडी किती अंतरात थांबेल हे त्यापुढे टायर ठरवतो, कॅलिपर नाही. ताशी १०० वरून थांबायला साध्या चांगल्या टायरवर ४० मीटर लागतात, आणि पुढे सहा पिस्टनचा इटालियन कॅलिपर लावला तरी त्याच टायरवर ४० मीटरच लागतात.

कमी पडतो तो दम. तीच थांबण्याची क्रिया वीस वेळा, लागोपाठ, तितक्याच अंतरात. कंपनीने गाडी घाटासाठी, सिग्नलसाठी, एक्स्प्रेसवेवर अचानक आडव्या आलेल्या कुत्र्यासाठी बनवलेली असते. वीस मिनिटं सलग हे कुणी मागेल असं तिने धरलेलं नसतं, आणि त्यात तिचं काही चुकलेलं नाही.

*

पेडल बोलतं. त्याचं म्हणणं दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींवर इलाज वेगळे आहेत.

पेडल दगडासारखं घट्ट, पाय सगळा जोर लावतोय, पण गाडी थांबत नाही: पॅड गेले. म्हणजे संपले असं नाही. त्यांना बांधून ठेवणारं रेझिन जळायला लागलं, घर्षण घसरलं. वास येतो. दोन लॅप सावकाश मारले की बरेचदा परत येतात.

पेडल मऊ, लांब, शेवटी फ्लोअरपर्यंत: ब्रेक ऑइल उकळलं. द्रवावर दाब दिला की तो पुढे पोचतो. वाफेवर दिला की वाफ दबते आणि दाब तिथेच मुरतो. असं झालं तर दाबत-सोडत, दाबत-सोडत थोडा दाब परत मिळवायचा, गिअर उतरवायचे, आणि त्याच लॅपला पिटमध्ये यायचं. हे ऑइल गार झाल्यावर पेडल बरं वाटतं. त्यावर विश्वास ठेवू नये. ऑइल बदलल्याशिवाय परत बाहेर पडू नये.

पॅड गेल्याचं पेडल सांगतं तेव्हा अजून वेळ असतो. ऑइलचं तसं नाही. म्हणून पहिला खर्च ऑइलवर.

*

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. बंद टाकीतही, होजच्या रबरातूनही. म्हणून त्याचे उत्कलनबिंदू दोन असतात, कोरडा आणि ओला; ओला म्हणजे ३.७ टक्के पाणी शिरल्यानंतरचा. डॉट ३ ला किमान २०५ आणि १४० अंश. डॉट ४ ला २३० आणि १५५. डॉट ५.१ ला २६० आणि १८०. बाटलीवर मोठ्या अक्षरात कोरडा आकडा असतो. गाडीत असतो तो ओल्याच्या दिशेने निघालेला.

कोकणात चार पावसाळे काढलेली, ऑइल कधीच न बदललेली गाडी ट्रॅकवर न्यायची म्हणजे दीडशे-पावणेदोनशे अंशांवर वाफ होणारं काहीतरी ब्रेकमध्ये भरून न्यायचं. पाचशेवर तापलेली डिस्क एक-दोन इंचांवर आहे, मध्ये पॅड आणि पिस्टन एवढाच आडपडदा.

मोतुलचं आरबीएफ ६०० कोरडं ३१२ अंशांवर उकळतं. चौघांच्या हॉटेलच्या बिलात बाटली येते. सगळ्या उद्योगात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त परतावा देणारी वस्तू हीच. कॅस्ट्रॉलचं एसआरएफ त्याहून बरंच महाग. त्याची किंमत कोरड्या आकड्यासाठी नसून ओल्यासाठी असते, तो २७० च्या घरात आहे. दर इव्हेंटआधी ऑइल बदलणाऱ्याला त्याची गरज नाही. जो बदलायला कंटाळतो त्याला आहे.

डॉट ५ मात्र घेऊ नका. नाव ५.१ च्या शेजारचं असलं तरी ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही, आणि एबीएसच्या गाडीत त्याचं काही काम नाही.

*

गॅरेजमधलं दृश्य. सीटवर बारका, चाकापाशी उकिडवा बसलेला मेकॅनिक. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत.

"मार. मार. मार. धर!"

"धरलं."

पाना पाव फेरा फिरतो. नळीतून काळपट तपकिरी ऑइल सरकतं, त्यात दोन बारीक बुडबुडे. पेडल खाली जातं. पाना बंद.

"सोड."

मग परत. बुडबुडे थांबले की माणसं थांबतात, आणि इथेच मी मध्ये तोंड घालतो. एअर निघाली म्हणजे जुनं ऑइल निघालं असं नाही. रंग बदलून फिकट पिवळा होईपर्यंत, चारही चाकांना, टाकी एकदाही रिकामी न होऊ देता. "साहेब, अर्धा लिटर वाया जाईल," असं ऐकायला मिळतं. जाऊ दे.

जुनी गाडी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून घ्यावा. रोजच्या वापरात पेडल अर्ध्यावरच थांबतं, त्यामुळे मास्टर सिलेंडरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं कोरा असतो, तिथे गंज आणि गाळ बसतो. एअर काढताना पेडल फ्लोअरपर्यंत गेलं की सील त्या खरबरीत भागावरून घासलं जातं. आज एअर काढली आणि चार दिवसांनी मास्टर सिलेंडर गळायला लागला, या तक्रारीमागे पुष्कळदा हे असतं.

आणि फेंडरवर ओलं फडकं. ब्रेक ऑइल रंग खातं.

*

आपल्याकडून जाणाऱ्यांना ट्रॅकची नावं मोजकी. कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयमचा कारी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर. चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टैचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, १२ वळणं. आताचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट, जुने लोक अजून एमएमआरटी म्हणतात. आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरच्या थोडा वर, १६ वळणं, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वर्षी व्हेटेल जिंकला.

बुद्धवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणामधला सरळ पट्टा किलोमीटरहून लांब आहे. तिथे एक मोठा दणका बसतो, पण त्याआधी ब्रेकना भरपूर वारा मिळालेला असतो. कारीवर उलट. वेग कमी म्हणून माणूस निर्धास्त राहतो, पण वळणामागून वळण येतं आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नसते. तिथे ब्रेक एकदम पेटत नाहीत, शिजत जातात. "बुद्धवर टिकले होते की," हे कारीला निघताना सांगायचं कारण नाही.

*

पॅडच्या कडेला छापलेल्या सांकेतिक ओळीत दोन अक्षरं असतात, उदाहरणार्थ एफएफ. पहिलं थंड घर्षणाचं, दुसरं गरम. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. दुकानात पॅकिंगवरचा स्पोर्ट, रेसिंग, परफॉर्मन्स वगैरे मजकूर वाचण्याऐवजी हे वाचावं. मात्र ही चाचणी रस्त्यावरच्या तापमानांपुरती असते. सहाशे अंशांवर त्या पॅडचं काय होतं ते या अक्षरांत नाही. त्यासाठी बनवणाऱ्याचा तापमान-घर्षणाचा आलेख मागायचा. ज्याच्याकडे आलेख नाही त्याचा पॅड ट्रॅकसाठी घ्यायचा नाही. पुण्याच्या नाना पेठेत निम्म्या भावात मिळणाऱ्या खोक्याला आलेख नसतो, बिलही बरेचदा नसतं.

रस्त्याचा पॅड साडेतीनशे-चारशेच्या पुढे हात टेकतो. अस्सल शर्यतीचा पॅड सहाशे-सातशेलाही उभा राहतो, पण सकाळी सोसायटीच्या गेटवर, गार असताना, तो धरत नाही. आवाज करतो, चाकं काळी करतो, डिस्क खातो. मधली जात फेरोडो डीएस २५०० सारखी: गार असताना बऱ्यापैकी धरते, गरम झाल्यावर बराच वेळ टिकते, आवाज करते पण सोसवेल इतका.

मधली की अस्सल, हे ठरवताना ट्रॅककडे पाहून ठरवू नये. पुण्याहून कोइंबतूर बाराशे किलोमीटर. साताऱ्यापुढे उसाच्या ट्रॉल्या, हुबळीच्या अलीकडे पाऊस, बेंगळुरूची गर्दी, आणि दुसऱ्या दिवशी सेलमच्या पुढे डोळ्यांवर झापड. त्या बाराशे किलोमीटरांत पॅड बहुतेक वेळ गारच असतो. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्याने अस्सल घ्यावा. चालवत नेणाऱ्याने मधली जात घ्यावी, नाहीतर अस्सल पॅड डिकीत ठेवून तिथे जाऊन बदलावेत.

*

नवा पॅड पहिल्यांदा खूप तापला की त्याच्या रेझिनमधून वायू निघतो आणि पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये गादी करतो. कोऱ्या पॅडनिशी थेट ट्रॅकवर उतरलेल्याचे ब्रेक पहिल्याच सेशनला जातात ते यामुळे. म्हणून आधी बसवून घ्यायचे: ताशी शंभरच्या आसपासवरून वीस-तीसपर्यंत, आठ-दहा वेळा, दर वेळी जोर वाढवत, मध्ये पूर्ण न थांबता. शेवटी ब्रेकला हात न लावता पाच-सात मिनिटं गाडी चालवून गार करायचे. डिस्कवर सगळीकडे सारखा, निळसर राखाडी थर दिसला की झालं.

हे हायवेवर करणारे महाभाग आहेत. मागच्या गाडीवाल्याला तुमचे पॅड नवे आहेत हे माहीत नसतं. ट्रॅकचं पहिलं सेशन यात घालवा.

*

ट्रॅकवरून आलेली गाडी ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरवते. निदान तयार असतं: "डिस्क वाकली." लेथवर नेऊन टर्निंग मारतात, चार दिवस बरं वाटतं, परत सुरू.

कॅरोल स्मिथ यांनी हा समज अनेक वर्षांपूर्वी मोडून काढला होता. फोर्ड जीटी ४० च्या मोहिमेत काम केलेला हा माणूस, शर्यतीच्या गाड्या बांधण्यावर त्यांची पुस्तकं आहेत. त्यांचं म्हणणं असं की वाकलेली म्हणून दाखवलेली डिस्क जवळजवळ कधीच वाकलेली नसते. पॅडचं द्रव्य तिच्यावर कुठे जाड, कुठे पातळ चिकटलेलं असतं. जाड जागी घर्षण जास्त, म्हणून उष्णता जास्त, म्हणून आणखी चिकटतं. फार तापलं तर खालच्या बिडाचीच रचना बदलून तिथे कठीण ठिपके होतात आणि मग टर्निंगनेही ते जात नाहीत.

हे कसं होतं? लाल झालेले ब्रेक घेऊन पिटमध्ये यायचं आणि पेडलवर पाय ठेवून उभं राहायचं. पॅडचा शिक्का डिस्कवर उठतो. म्हणून शेवटचा लॅप सावकाश, ब्रेक जवळजवळ न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला वीट लावायची. ऑटोमॅटिकवाल्याने पी मध्ये, आणि वीट लावायचीच. पॅडॉकमध्ये कोण नवखा आणि कोण मुरलेला हे विटेवरून ओळखता येतं.

दुसरं कारण हबवरचा गंज. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने लख्ख घासायचा. तिथली बारीक पापुद्र्याएवढी खपली डिस्कच्या कडेला मोठी होऊन डोलते. पाच मिनिटांचं काम आहे, आणि म्हणूनच कुणी करत नाही.

*

पैसे न लागणारी सुधारणा: कॅलिपरच्या पिना. आपल्या बहुतेक गाड्यांचा कॅलिपर तरंगता असतो. पिस्टन एका बाजूलाच, आणि दुसऱ्या बाजूचा पॅड ओढला जाण्यासाठी अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. चिखल, पाणी, फाटलेलं रबरी बूट: पिन जाम. मग आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा नवाकोरा, किंवा एकच पॅड तिरका झिजलेला. अर्ध्या ब्रेकवर गाडी चालते आणि मालक मोठ्या कॅलिपरच्या किमती बघत बसतो. पिना काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चेसिसचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

*

कॅलिपरवर लाल प्लास्टिकचं कव्हर, त्यावर पांढऱ्या अक्षरात एका नामांकित कंपनीचं नाव. खाली तोच मूळचा एक पिस्टन. रस्त्यावर ज्याची त्याची हौस. ट्रॅकवर येण्याआधी मात्र उपटून टाका. वारा अडतो, उष्णता कोंडते, आणि वितळून सुटलं तर चाकात अडकतं.

त्या नामांकित कंपनीचा एक कारखाना चाकणलाच आहे. ब्रेम्बोचा. दुचाकींचे बायब्रे ब्रेक तिथे बनतात, केटीएम ड्यूकच्या चाकावर दिसतात ते. म्हणजे पुण्यात खरा ब्रेम्बो पाहायचा तर तो मोटरसायकलवर आधी सापडतो.

*

आता मोठ्या किटबद्दल, कारण प्रश्न शेवटी तिथेच येतो.

चाकाला मिळणारा रोध चार गोष्टींच्या गुणाकारातून येतो: ऑइलचा दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ, पॅडचं घर्षण, आणि डिस्कची परिणामी त्रिज्या. पिस्टनची संख्या यात कुठेच नाही. चार छोटे पिस्टन आणि एक मोठा यांचं क्षेत्रफळ सारखं असेल तर रोधही सारखा. चार पिस्टनवाल्या घट्ट कॅलिपरचा फायदा असतो तो पॅड सरळ दाबला जाण्याचा, कॅलिपर न फाकण्याचा, आणि मोठ्या पॅडला जागा मिळण्याचा.

क्षेत्रफळ वाढवलं तर? मास्टर सिलेंडर तोच आहे, म्हणजे तेवढंच ऑइल आता जास्त जागा भरणार. पेडल लांब जातं. कित्येकांना पन्नास-साठ हजारांचं किट बसवून पेडल आधीपेक्षा वाईट लागतं ते यामुळे. मग लोक परत एअर काढत बसतात. एअर नसतेच.

त्याहून मोठी गोम पुढच्या-मागच्या वाटपाची. पुढचा रोध वाढला, मागे ड्रम तसेच. आता पुढची चाकं आधी जाम व्हायला बघतात, एबीएस दाब सोडतो, आणि मागच्या टायरांना जे काम करता आलं असतं ते करायच्या आधीच सगळं थांबतं. महागडं किट लावून थांबायचं अंतर वाढवणं शक्य आहे.

मग किट घ्यायचंच नाही? घ्यायचं, पण कशासाठी ते ठरवून. मोठी, जाड, आतून वाऱ्याला वाट असलेली डिस्क म्हणजे जास्त बीड. तीच उष्णता जास्त बिडात वाटली जाते आणि तापमान कमी चढतं. हा खरा फायदा. त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे त्याच कंपनीच्या थोरल्या, जड, ताकदवान भावंडाचे डिस्क आणि कॅलिपर जुळतात का पाहणं, कारण तिथे पिस्टन आणि मास्टर सिलेंडरचं गणित कुणीतरी आधीच सोडवलेलं असतं. चाकात जागा आहे का ते आधी मोजावं. डिस्क मोठी म्हणून रिम मोठी, रिम मोठी म्हणून टायर जड: स्प्रिंगखाली लटकलेलं प्रत्येक किलो वजन खडबडीत रस्त्यावर त्रास देतं.

*

भोकं पाडलेली डिस्क दिसते छान. भोकाच्या कडेला ताण साठतो आणि तापत-निवत तडा तिथूनच सुरू होतो. त्यात भोकांमुळे बीडही कमी. चरे असलेली डिस्क पॅडचा पृष्ठभाग ताजा ठेवते, पॅड थोडा जास्त खाते. साध्या गाडीला साधी, चांगल्या बिडाची, वाऱ्याची पोकळी असलेली डिस्क पुरते. ती झिजण्याची वस्तू आहे. कडेवर किमान जाडीचा आकडा ओतलेला असतो. व्हर्नियर लावा, त्याखाली गेली की फेका.

*

वारा फुकट आहे, पण नेमका कुठे द्यायचा? पुष्कळ जण पाइप आणून डिस्कच्या बाहेरच्या चेहऱ्यावर फुंकतात. वायुवीजित डिस्क स्वतःच पंख्याचं काम करते: मधून हवा ओढते आणि पोकळ्यांतून कडेने बाहेर टाकते. म्हणून पाइपाचं तोंड डिस्कच्या मध्याशी, आतल्या बाजूने. एकाच चेहऱ्यावर फुंकलं तर एक बाजू गार, एक गरम, आणि तड्याला आमंत्रण. डिस्कमागचा पत्रा काढला तरी बराच फरक पडतो. तो घरी आल्यावर परत लावा. पावसाळ्यात चिखल थेट डिस्कवर येतो.

*

ब्रेक किती तापतात यावर वाद घालण्यापेक्षा डिस्कच्या कडेला तापमानदर्शक रंगाचे तीन पट्टे ओढावेत. एपी रेसिंगच्या रंगांत हिरवा ४३० अंशांना उडतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. सेशन संपलं की कडेकडे पाहायचं. फक्त हिरवा उडाला असेल तर तुम्हाला किटची गरज नाही, रागावलात तरी. तिन्ही उडाले असतील तर ऑइल-पॅडच्या पुढे जायची वेळ झाली.

*

मागचे ड्रम. ट्रॅकवर त्यांची कीव केली जाते, पण हलक्या हॅचबॅकला मागचं काम इतकं थोडं असतं की ते बहुधा निभावून नेतात. ड्रमचा खरा दोष वेगळा: तापला की तो फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. डिस्क तापली तर जाड होऊन पॅडकडे येते, आणि उघड्यावर असल्याने निवतेही लवकर.

१९५३ च्या ल मॉंला जॅग्वार सी-टाइपने हे जगाला दाखवलं. रोल्ट आणि हॅमिल्टन ही जोडी, डनलॉपच्या डिस्क ब्रेकची गाडी. बाकीचे ड्रमवाले मुल्सानच्या लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी आधी ब्रेक लावायचे, हे उशिरा. एकदा उशिरा लावणं कुणालाही जमेल. चोवीस तास प्रत्येक लॅपला जमलं म्हणून जिंकले.

ड्रम फुगतो म्हणजे काय हे पुणेकराला नवले पुलाकडच्या उतारावर कळतं. ट्रक न्यूट्रलवर टाकायचा, डिझेल वाचवायचं आणि नुसत्या ब्रेकवर उतरायचं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, पण ड्रम आणि लायनर तापले की हवेचा दाब कितीही असो, ते धरत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकमुळे डझनावारी गाड्यांचं नुकसान झालं. "उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा" ही पाटी घाटात सगळ्यांनी पाहिलेली असते.

*

नवा चालक लवकर आणि हळू ब्रेक लावतो, लांबपर्यंत. त्याला वाटतं आपण ब्रेक जपतोय. ऊर्जा तेवढीच निघते. फक्त पॅड जास्त वेळ डिस्कला चिकटून राहतो, उष्णतेला कॅलिपरमध्ये आणि ऑइलमध्ये शिरायला वेळ मिळतो आणि गार व्हायचा वेळ कमी होतो. पहिला दाब ठाम, मग गाडी हळू होईल तसा पाय सैल. आणि एक लॅप जोरात, एक सावकाश. पहिल्या वर्षी हेच सगळ्यात मोठं ब्रेक किट.

ईएसपी चालू असेल तर वळणात गाडी तुमच्या नकळत एकेका चाकाला ब्रेक लावत असते. पॅड एका बाजूला जास्त झिजले तर आधी तिच्याकडे पाहा. बंद करायचा सल्ला मी देणार नाही. तिला कामाला लावणारी चालवण्याची पद्धत बदला.

*

विम्याचं. आपल्याकडच्या वाहन विम्यात वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि त्यांत आयोजित शर्यत, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे वगळलेले असतात. एजंट हे पान उघडून दाखवत नाही. ट्रॅकवर भिंत लागली तर खर्च तुमचा, असं धरूनच घरून निघायचं. ब्रेकवरच्या खर्चाचा विचार या रकमेशेजारी ठेवून केला की ऑइल आणि पॅड फार स्वस्त वाटायला लागतात.

*

संध्याकाळी पॅडॉकमध्ये पॅड बदलून परतीला निघणाऱ्यांसाठी. डिस्क हाताला सोसेल इतकी निवल्याशिवाय चाकाला हात लावू नका. पिस्टन मागे ढकलताना टाकीचं झाकण सैल करून एक डोळा तिथे ठेवा. कुणी सकाळी ऑइल काठोकाठ भरलं असेल तर ते आता वर येऊन सांडेल. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने, आणि पन्नास किलोमीटरवर परत एकदा. आणि गाडी सुरू करून गिअर टाकण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते वर येऊन घट्ट होईपर्यंत. पिस्टन आत गेलेला असतो, पॅड डिस्कपासून लांब असतात, पहिल्या दाबाला पेडल थेट फ्लोअरला जातं. पॅडॉकमधल्या ठोकरी बहुतेक अशाच होतात, ताशी दहाच्या वेगाने, शेजारच्याच्या बंपरला.